‘मिनिट’ की ‘मायन्यूट’? एकाच स्पेलिंगचे दोन शब्द वापरायची रीत

अकरावीला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलआधी सरांनी मला उभं करून मॅन्युअलमधली कृती मोठ्याने वाचायला सांगितली. ‘टेक अ मिनिट क्वांटिटी ऑफ द सॉल्ट’, मी खणखणीत वाचलं. मराठी माध्यमातून नुकतीच आले होते, त्यामुळे आवाज मुद्दाम वरच्या पट्टीत. सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘किती मिनिटांचं मीठ घेणार आहेस?’’ सगळी बॅच हसली. मीही हसले, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. पण चूक नेमकी काय झाली ते सरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो शब्द ‘मायन्यूट’ असा वाचायचा असतो हे कळलं थेट बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, तेही दुसऱ्या एकीचं तसंच हसं झालं तेव्हा.

पुढे भाषांतराच्या कामात पडल्यावर हा शब्द वरचेवर भेटायला लागला. ‘मिनिट कण’, ‘मिनिटाचे तपशील’ असले अनुवाद तपासायला आले की मला ते भिंतीवरचं घड्याळ आठवतं. शब्द एकदा नीट हाताळून पाहिला की पुन्हा चुकत नाही. मी स्वतः ज्या क्रमाने तो शिकले, त्याच क्रमाने इथे मांडते आहे.

स्पेलिंग लक्षात ठेवा: एम, आय, एन, यू, टी, ई. दोन्ही शब्दांचं हेच. एक घड्याळातलं मिनिट. दुसरं विशेषण, अर्थ ‘अतिशय बारीक’. इथे मी मुद्दाम ‘लहान’ न म्हणता ‘बारीक’ म्हटलं आहे. का, ते तिसऱ्या पायरीवर.

पायरी १: आधी तोंडाला वळण लावा

घड्याळातल्या ‘मिनिट’मध्ये जोर पहिल्या ‘मि’वर येतो आणि उरलेला शब्द घाईत उरकला जातो. विशेषणात उलटं आहे. ‘माय’ हलकं, जोर सगळा ‘न्यूट’वर. अमेरिकेत ‘मायनूट’ ऐकू येतं, ब्रिटिश उच्चारात ‘मायन्यूट’. आपल्याकडे दुसरा रुळलेला आहे, तोच ठेवावा.

आपली गडबड होते ती जोराची. मराठीत कोणत्या अक्षरावर जोर दिला यावरून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरं समान तोलाने म्हणतो. मग ‘मायन्यूट’ ऐकणाऱ्या इंग्रज माणसाला आधी ‘माय’, म्हणजे ‘माझं’, ऐकू येतं आणि तो पुढच्या नामाची वाट बघत बसतो. यावर सोपा उपाय म्हणजे टेबलावर बोटाने ठोका देत ‘सॅल्यूट’ म्हणा. ठोका ‘ल्यूट’वर पडतो. मग ‘कम्प्यूट’. ठोका ‘प्यूट’वर. त्याच ओघात ‘मायन्यूट’. पाच-सहा वेळा केलं की जीभ आपोआप वळते. मोबाईलवरच्या इंग्रजी शब्दकोशात या स्पेलिंगला दोन वेगळ्या नोंदी असतात, नामाची एक आणि विशेषणाची एक. स्पीकरचं बटण दोन्हीकडे दाबून ऐका. बरेच जण पहिलीच नोंद ऐकून शब्दकोश बंद करतात.

एकाच स्पेलिंगचे दोन उच्चार म्हणजे काय विचित्र भाषा, असं वाटत असेल तर आपल्या ‘जरा’कडे बघा. ‘जरा थांब’मधला ‘ज’ आणि ‘जरा-मरण’मधला ‘ज’ आपण वेगवेगळे उच्चारतो. लिहिताना फरक काहीच करत नाही, आणि त्यातला एक ‘जरा’ तर ‘थोडंसं’ या अर्थाचाच आहे. मराठी मुलाला हे कुणी शिकवावं लागत नाही, वाक्य वाचून कळतं. इंग्रजीतही वाक्यच सांगतं.

पायरी २: वाचताना ओळखायचं कसं

पहिली खूण आकडा. शब्दाच्या आधी फाइव्ह, टेन, ट्वेंटी असं काही आलं असेल तर ते घड्याळातलंच मिनिट. ‘अ टेन-मिनिट वॉक’ म्हणजे दहा मिनिटांची चाल.

दुसरी खूण अनेकवचनाची. शेवटी एस लागलेला असेल तर तो ‘मिनिट्स’च, कारण इंग्रजी विशेषणाला अनेकवचन होत नाही. पण हे ‘मिनिट्स’ वेळेचेच असतील असं नाही, सभेचेही असू शकतात. त्याबद्दल पुढे.

तिसरी आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे अदलाबदल. त्या जागी ‘टायनी’ घालून वाक्य वाचा. अर्थ टिकला तर ‘मायन्यूट’ वाचा. ‘टायनी पार्टिकल्स’ जमतं, म्हणून ‘मायन्यूट पार्टिकल्स’. ‘वेट अ टायनी’ जमत नाही, म्हणून तिथे ‘मिनिट’.

ही चाचणी दहापैकी नऊ वेळा पुरते. दहाव्या वेळी फसवते ती जोडशब्दांत. ‘मिनिट हँड’ म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा. ‘टायनी हँड’ही व्याकरणाने बरोबरच दिसतं, पण अर्थ ‘इवलासा हात’ असा होऊन बसेल. ‘मिनिट बुक’ म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही, छोटंसं पुस्तक नव्हे. नर्सिंग आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी ‘मिनिट व्हेंटिलेशन’ खास लक्षात ठेवावं. माणूस एका मिनिटात एकूण जेवढी हवा आत घेतो ते हे माप. एका श्वासाला सुमारे अर्धा लिटर आणि मिनिटाला बारा श्वास धरले, तर सहा लिटर. ‘मायन्यूट व्हेंटिलेशन’ असं वाचलंत तर ‘अगदी किंचित श्वास चालू आहे’ असा भलताच अर्थ निघेल आणि व्हायव्हाला बसलेले परीक्षक भुवया उंचावतील.

इतिहासात अशा दोन जागा आहेत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातले ‘मिनिटमेन’ हे बुटके सैनिक नव्हते, हाक मारल्यावर मिनिटभरात बंदूक घेऊन हजर होणारे होते. आणि मेकॉलेचं २ फेब्रुवारी १८३५ चं ते शिक्षणविषयक ‘मिनिट’, ज्याच्या नावाने आपण आजही बोटं मोडतो, ते म्हणजे सरकारी टिपण. त्याचाही उच्चार ‘मिनिट’च. ते टिपण बारीक नव्हतं, चांगलं लांबलचक होतं.

पायरी ३: अर्थ ‘लहान’ नव्हे, ‘बारीक’

शाळेत शब्दार्थ पाठ करताना आपण ‘मायन्यूट म्हणजे अतिशय लहान’ असं घोकतो आणि तिथेच अडकतो. कारण या शब्दाला दोन अंगं आहेत. एक, आकाराने किंवा प्रमाणाने अगदी छोटं: ‘मायन्यूट क्रॅक्स’, ‘मायन्यूट क्वांटिटीज’, ‘मायन्यूट ट्रेसेस’. दोन, बारकाईने केलेलं: ‘मायन्यूट एक्झामिनेशन’, ‘मायन्यूट इन्स्पेक्शन’. दुसऱ्या अर्थात लहान काहीच नसतं. पुलाचं मायन्यूट इन्स्पेक्शन दोन महिने चालू शकतं. तपासणी मोठी आहे, नजर बारीक आहे.

आपल्या भाषेत हे काम करणारा शब्द तयारच आहे. बारीक कण आणि बारीक नजर. बारीक तडा आणि बारीक चौकशी. ‘सूक्ष्म’चंही तेच, सूक्ष्म जंतू आणि सूक्ष्म निरीक्षण. म्हणजे इंग्रजी शब्दाचे दोन्ही अर्थ आपल्या डोक्यात आधीच एका खणात ठेवलेले आहेत. ‘लहान’ हा शब्द मध्ये आणला की खण बदलतो आणि घोटाळा सुरू होतो. माझा आग्रह एवढ्यासाठीच, की वहीत अर्थ लिहायचा तर ‘बारीक’ लिहा.

दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी पाहायचे तर १६६५ सालच्या लंडनला जावं लागेल. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या गोष्टींचं ‘मायक्रोग्राफिया’ नावाचं पुस्तक रॉयल सोसायटीतर्फे काढलं. त्याच्या लांबलचक उपशीर्षकात ‘मायन्यूट बॉडीज’ हे शब्द आहेत. बॉडीज म्हणजे इथे शरीरं नव्हेत, वस्तू: भिंगातून पाहिलेल्या बारीक वस्तूंची वर्णनं. त्यात सुईचं टोक आहे, बुरशी आहे, बुचाच्या लाकडाचे कप्पे आहेत, ज्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं आणि जीवशास्त्राला कायमचा शब्द मिळाला. त्यात पिसूचं एक चित्र आहे, घडी उलगडून पाहावं लागेल इतकं मोठं. पायावरचा केस न् केस, पाठीवरच्या कवचाची प्रत्येक पट्टी. पिसू ही ‘मायन्यूट’, आणि ते चित्र काढण्याची रीतही ‘मायन्यूट’.

बोलताना सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रयोग म्हणजे ‘इन मायन्यूट डिटेल’. यात डिटेल एकवचनीच राहतं. ‘शी डिस्क्राइब्ड इट इन मायन्यूट डिटेल’, म्हणजे तिने अगदी बारीकसारीक सगळं सांगितलं. तपशील सुटे मोजायचे असतील तेव्हा ‘मायन्यूट डिटेल्स’ चालतं. शेवटच्या टोकाला जायचं असेल तर ‘द मायन्यूटेस्ट डिटेल’. तुलना करताना ‘मायन्यूटर’ कुणी फारसं म्हणत नाही, ‘मोअर मायन्यूट’ म्हणतात किंवा सरळ ‘स्मॉलर’.

क्रियाविशेषण ‘मायन्यूटली’. ‘मिनिटली’ नाही! ऑफिसात आपण मराठी बोलताबोलता ‘जरा मायन्यूटली बघ’ असं म्हणतोच, ते इंग्रजीतही बरोबर आहे. ‘व्हेरी मायन्यूट’ला चूक कुणी म्हणणार नाही, पण ‘खूप अतिशय बारीक’ म्हटल्यासारखं होतं. शब्दातच ‘अतिशय’ आहे, वर आणखी तिखट कशाला?

पायरी ४: दोन्ही शब्द एकाच घरातले का

ही पायरी गाळली तरी शब्द वापरता येईल. पण एकदा कळलं की विसर पडत नाही, म्हणून सांगते.

लॅटिनमध्ये ‘मिनुतुस’ म्हणजे बारीक केलेलं, कमी केलेलं. वर्तुळाच्या एका अंशाचे साठ भाग करायची पद्धत बाबिलोनियनांच्या साठाच्या गणितातून खगोलशास्त्रात आली. त्या पहिल्या विभागणीतल्या भागाला मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘पार्स मिनुता प्रिमा’ म्हणत, म्हणजे पहिला बारीक भाग. त्याचे पुन्हा साठ केले की ‘मिनुता सेकुंदा’, दुसरा बारीक भाग. पहिल्याचं झालं मिनिट, दुसऱ्याचं झालं सेकंद. सेकंदाला सेकंद म्हणजे ‘दुसरा’ का म्हणतात, या लहानपणीच्या प्रश्नाचं उत्तर हे. विभागणी अंशाची होती, तशी तासाचीही झाली. पण सामान्य माणसाच्या घड्याळात मिनिटकाटा दिसू लागला तो ह्युजेन्सने १६५६ साली लंबकाचं घड्याळ बनवल्यानंतरच्या काळात. त्याआधीची घड्याळं इतकी मागेपुढे पळत की मिनिटं दाखवण्यात अर्थच नव्हता.

अंशाची मिनिटं अजून आहेतच. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावर ठरते ते ८२ अंश ३० मिनिटे पूर्व, हे भूगोलात सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. घरात पंचांग असेल तर ग्रहांचं कोष्टक उघडा. राशी, अंश, कला, विकला असे रकाने दिसतील. साठ कलांचा अंश, साठ विकलांची कला. म्हणजे ‘कला’ हेच आपलं अंशाचं मिनिट. आणि कला म्हणजे तरी काय? छोटा भाग, जशा चंद्राच्या सोळा कला. लॅटिनने ज्या कल्पनेला ‘बारीक भाग’ म्हटलं, तिला संस्कृतानेही तसंच नाव दिलं. वेळेचं माप मात्र आपल्याकडे घटिका आणि पळं, चोवीस मिनिटांची घटिका आणि चोवीस सेकंदांचं पळ. ‘पळभर थांब’ म्हणणारी आजी ‘वेट अ मिनिट’पेक्षा कमी वेळ मागत होती.

सभेचे ‘मिनिट्स’ही याच मुळातले, पण ते वेळेवरून आलेले नाहीत. त्यांचा संबंध बारीक अक्षरात लिहिलेल्या कच्च्या टिपणाशी जोडतात. सोसायटीच्या विषयपत्रिकेवर पहिलाच विषय असतो, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. ते इतिवृत्त म्हणजे हे मिनिट्स. यावरून क्रियापदही झालं आहे. ‘प्लीज मिनिट इट’ म्हणजे याची इतिवृत्तात नोंद घ्या. उच्चार ‘मिनिट’च ठेवायचा.

याच घरातली आणखी दोन माणसं तुमच्या ओळखीची आहेत. एक मेन्यू: फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ बारीक, तपशीलवार. म्हणजे हॉटेलात आपण बारीकसारीक यादी मागवतो. दुसरा शब्द ‘मिन्स’, बारीक चिरणं, खिमा करणं. ‘मिन्स्ड गार्लिक’ म्हणजे बारीक चिरलेला लसूण. बघा, पुन्हा ‘बारीक’च.

पायरी ५: भावंडं ओळखा, तोतया ओळखा

‘मिन्यूशिए’ हे नाम, बहुतेक वेळा अनेकवचनातच येणारं. अर्थ बारीकसारीक तपशील, आणि बऱ्याचदा त्यात ‘कशाला हवेत इतके’ अशी नाराजी. ‘डोंट गेट लॉस्ट इन द मिन्यूशिए’, कीस काढत बसू नका. पण बोटांच्या ठशांच्या शास्त्रात याच शब्दाला मोठा मान आहे. बोटावरची रेघ जिथे अचानक संपते, जिथे एका रेघेच्या दोन होतात, त्या जागांना मिन्यूशिए म्हणतात आणि ठसे जुळवताना त्याच मोजल्या जातात. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत आपल्याच देशात, कलकत्त्याला घडली. एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तिचं गणित बसवलं आणि १८९७ मध्ये तिथे ठशांचं कार्यालय सुरू झालं. आज रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र तेच बारकावे शोधतं. भांडी घासून, शेतात राबून ज्यांच्या रेघा झिजल्या त्यांचा अंगठा यंत्र चटकन घेत नाही. मिन्यूशिए पुसून गेलेले असतात. एरवी ‘फालतू तपशील’ या अर्थाने वापरला जाणारा शब्द, आणि त्यावर महिन्याचं धान्य अडतं.

‘मिनस्क्यूल’ म्हणजेही अगदी छोटं, बोलण्यात ‘मायन्यूट’पेक्षा थोडं ठसक्याचं. मूळ अर्थ छोटं अक्षर, आपण ज्याला स्मॉल लेटर म्हणतो ते. याचं स्पेलिंग लिहिताना एन नंतर यू येतो. ‘मिनी’ डोक्यात असल्यामुळे तिथे आय लिहिणाऱ्यांत भलेभले इंग्रज आहेत, त्यामुळे लाज वाटून घेऊ नका, पण यू लिहा. ‘मायनस’ मनात धरला की चुकत नाही. दोघे एकाच कुळातले आहेत.

आणि तोतया कोण? ‘मिनिएचर’. छोट्या चित्रांना मिनिएचर म्हणतात म्हणून तोही याच कुळातला असेल असं वाटतं. नाही! तो आला ‘मिनियम’वरून. मिनियम म्हणजे शेंदूर. मध्ययुगीन हस्तलिखितांत शेंदरी रंगाने अक्षरं आणि चित्रं रंगवत, त्या कामावरून हा शब्द निघाला. ती चित्रं पानात मावतील इतकी छोटी असायची, आणि ‘मिनि’ हा आवाज ‘लहान’शी जुळणारा, त्यामुळे पुढे अर्थच सरकला. मारुतीला चढवतो तो शेंदूर आणि ‘मिनी स्कर्ट’मधला ‘मिनी’ यांचं असं दूरचं नातं आहे, कारण ‘मिनी’ हे ‘मिनिएचर’चंच आखूड रूप.

‘मायक्रोस्कोपिक’ वापरताना एक काळजी घ्या. शब्दशः अर्थ सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारं. मायन्यूट गोष्ट डोळे बारीक करून दिसू शकते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केसाएवढ्या तड्याला ‘मायन्यूट’ म्हणता येतं. हवेतले पीएम २.५ नावाचे कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, ते खरोखर ‘मायक्रोस्कोपिक’. रोजच्या बोलण्यात लोक एवढं पाळत नाहीत, पण अहवाल लिहिताना पाळावं.

पायरी ६: कुठे वापरायचा नाही

‘बारीक’ ही किल्ली दिली खरी, पण ती प्रत्येक कुलपाला लावू नका. मराठी ‘बारीक’ फार फिरस्ता शब्द आहे.

‘तू किती बारीक झालीस गं’ याला ‘मायन्यूट’ नको, ‘थिन’ किंवा कौतुकाने ‘स्लिम’. ‘गॅस बारीक कर’ म्हणजे फ्लेम ‘लो’. ‘बारीक ताप आहे’ म्हणजे ‘लो-ग्रेड फीव्हर’. डॉक्टरांना ‘मायन्यूट फीव्हर’ सांगितलंत तर ते थर्मामीटर झटकून पुन्हा लावतील. बारीक रव्याला ‘फाइन’. बारीक चिरलेला कांदा ‘फाइनली चॉप्ड’.

तान्ह्या बाळाला ‘मायन्यूट’ म्हणू नये. शब्दात जिव्हाळा अजिबात नाही, प्रयोगशाळेचा वास आहे. बाळाची बोटं ‘टायनी’. ‘टायनी’मध्ये आपल्या ‘इवलासा’, ‘चिमुकला’मधली माया आहे, शिवाय तो घरातही चालतो आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टातही. शंका आली की ‘टायनी’ वापरा, निभावून जातं. पगार तुटपुंजा असेल तर ‘मीगर’. अंगकाठीने नाजूक बाईला ‘पेटीट’. भेट थोडक्यात झाली तर ‘ब्रीफ’. चहा थोडासा हवा असेल तर ‘जस्ट अ लिटल’.

लिखाणात मात्र एक धोका कायम आहे. ‘अ मिनिट डिफरन्स’ की ‘अ मायन्यूट डिफरन्स’, हे कागदावर सारखंच दिसतं. विषय धावण्याच्या शर्यतीचा किंवा रेल्वेच्या वेळापत्रकाचा असेल तर वाचणारा अडखळणारच. तिथे सरळ ‘अ टायनी डिफरन्स’ किंवा ‘अ डिफरन्स ऑफ वन मिनिट’ लिहावं.

पायरी ७: मराठीत आणताना

भाषांतर करताना पहिला मोह ‘सूक्ष्म’चा होतो. विज्ञानाच्या लेखात तो योग्यच, पण सगळीकडे ‘सूक्ष्म’ पेरला की लेख पाठ्यपुस्तकासारखा कडक होतो. आपल्याकडे या अर्थाचं भांडार मोठं आहे आणि त्यातली बरीचशी मापं खरी मापं आहेत.

‘रतीभर’मधली रती म्हणजे गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे एक गुंज साधारण बारा शतांश ग्रॅम. सोनाराच्या तराजूतला शब्द आपण ‘रतीभर अक्कल नाही’ म्हणताना वापरतो. ‘तसूभर’मधला तसू हे गवंडी-सुतारांचं लांबीचं जुनं माप. म्हणून ‘तसूभरही हलला नाही’ बरोबर, आणि ‘तसूभर मीठ’ मात्र हास्यास्पद. याउलट कणभर, तीळभर, केसभर, नखाएवढं, टीचभर हे डोळ्यांपुढे वस्तू उभी करणारे. टीचभर खोली असते, टीचभर शंका नसते. शंका ‘लेशमात्र’ किंवा ‘तीळमात्र’.

म्हणून ‘मायन्यूट’ दिसला की आधी विचारा, कशाचं मायन्यूट? प्रमाण असेल तर ‘अत्यल्प’ किंवा ‘कणभर’. औषधात एखाद्या घटकाच्या ‘मायन्यूट क्वांटिटीज’ असतील तर ‘अत्यल्प प्रमाणात’ लिहावं. ‘चिमूटभर’ लिहू नये, कारण चिमटीत खूपच मावतं, आणि वाचणारा खरंच चिमूट घेईल. वस्तू असेल तर ‘बारीक’. फरक असेल तर ‘किंचित’ किंवा ‘उन्नीस-बीसचा’. तपासणी असेल तर ‘बारकाईने’, तेही विशेषण मोडून क्रियाविशेषण करून. ‘सूक्ष्म तपासणी केली’पेक्षा ‘बारकाईने तपासलं’ केव्हाही बरं. ‘मायन्यूट डिटेल्स’ला तर ‘बारकावे’ असा एकाच शब्दात उतारा आहे. ‘सूक्ष्म तपशील’ लिहून कागद का घालवायचा?

पायरी ८: आता वाचून बघा

खाली एका हाउसिंग सोसायटीच्या सभेचा, मी सरावासाठी रचलेला इंग्रजी उतारा आहे. आकड्यांच्या जागी आपलं तेच सहा अक्षरी स्पेलिंग आहे, गरजेप्रमाणे प्रत्यय लागलेलं. मोठ्याने वाचा, उत्तरं नंतर बघा.

‘ॲट द लास्ट (१), द चेअरमन अराइव्ह्ड. द सेक्रेटरी रेड आउट द (२). द इंजिनिअर हॅड फाउंड अ (३) क्रॅक इन द टेरेस स्लॅब. ही डिस्क्राइब्ड इट इन (४) डिटेल, इन अ ट्वेंटी-(५) स्पीच. द मेंबर्स आस्क्ड दॅट हिज रिमार्क्स बी (६). नोबडी स्पोक फॉर अ (७).’

पहिला ‘मिनिट’, ऐन वेळी. दुसरा ‘मिनिट्स’, इतिवृत्त. तिसरा ‘मायन्यूट’, टायनीची चाचणी इथे लगेच पास होते. चौथाही ‘मायन्यूट’. पाचव्याच्या आधी ट्वेंटी आहे, म्हणून ‘मिनिट’. सहाव्यात बहुतेक जण अडकतात: ते क्रियापद आहे, ‘मिनिटेड’, म्हणजे इंजिनिअरसाहेबांचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवण्यात यावं. सातवा ‘मिनिट’, शांततेचा.

तिसऱ्या जागी मराठीत ‘स्लॅबला बारीक तडा’ लिहा. पावसाळ्यात त्याच तड्यातून वरच्या मजल्यावर बादलीभर पाणी आलं, तर पुढच्या सभेच्या मिनिट्समध्ये विशेषण बदलावं लागेल.